ओटाहुहूत कंपनीचं नाणं

न्यूझीलंडहून परत येऊन दीड महिना झाला. पेन्शनीच्या रांगेत उभा राहिलो की गिरणीतले जुने सोबती विचारतात, तिकडं काय बघितलंस? मेंढरं बघितली म्हटलं की हसतात आणि समुद्र बघितला म्हटलं की मान डोलावतात. पण मला सांगायचं असतं ते रांगेत सांगून होत नाही. म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. पुतण्या म्हणाला, मी शुद्ध करून देतो. मी वहीला हात लावू दिला नाही. चुका असल्या तर त्या माझ्याच आहेत.

हिल्सबरो

माझी लेक सुनंदा ऑकलंडात हिल्सबरो म्हणून भाग आहे, तिथं राहते. जावई प्रसादराव पुण्याचे, कॉम्प्युटरच्या कामात. नात ईरा आठ वर्षांची. तिला आपलं बोलणं सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. मी म्हणायचो, ईरा, पाणी आण गं. ती "स्वीट अ‍ॅज, आजोबा" म्हणून पळायची. आधी वाटलं साखर घालून आणते की काय. पाणी साधंच असायचं. तिकडची पोरं बरं म्हणायला तसं म्हणतात.

घरं लाकडाची. भिंतीवर टिचकी मारली की हलगीवर मारल्यासारखी वाजते. आपल्याकडं ज्येष्ठात माणूस उकडून निघतो, तर तिकडं तीच ऐन थंडी, आणि घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा. पहिल्या दिवशी मी खुर्ची घेऊन दक्षिणेच्या ओसरीवर उन्हाला बसलो. सुनंदा म्हणाली, आबा, इथं ऊन उत्तरेकडून येतं. मी म्हटलं, सत्तर वर्षं सूर्य बघतोय, तू मला शिकवू नकोस. दोन सकाळी तिथंच काकडत बसलो. तिसऱ्या दिवशी कुणी बघत नाही असं पाहून खुर्ची उत्तरेला नेली. तिथून खाली खाडीचं पाणी दिसायचं. ओहोटी लागली की मैलभर नुसता चिखल, आणि त्यात लांब चोचीचे पक्षी.

लोक अनवाणी दुकानात शिरतात, तेही थंडीत. आपल्याकडं अनवाणी माणूस दुकानात आला तर मालक आधी त्याच्या हाताकडं बघतो. तिथं प्रसादरावांनी एक असाच अनवाणी माणूस दाखवला आणि म्हणाले, ह्याची तीन घरं आहेत.

नाण्याची गोष्ट पहिल्यांदा निघाली ती जेवताना. प्रसादरावांनी फोनवरचं एक नाणं थोडं थोडं घेऊन ठेवलंय. ते म्हणाले, हे कुठल्या सरकारनं काढलेलं नाही, कंपनीनंही नाही. हजारो कॉम्प्युटर एकमेकांवर नजर ठेवतात, त्यावर ते चालतं.

"म्हणजे बेवारस," मी म्हणालो.

"बेवारस नाही, आबा. सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं म्हणजेच बेवारस. गायरानाचं काय होतं ते बघितलंय मी."

सुनंदा हसली, पण जावई चिडले नाहीत. माणूस शांत. ते म्हणाले, तुमच्यासारखंच सगळ्यांना वाटतं, म्हणून लोक भितात. पण आता एका मोठ्या कंपनीनं, जिची दुकानं गावोगाव आहेत, स्वतःचं नाणं काढलंय. एक नाणं म्हणजे एक डॉलर, कधीही बदलून घ्या. कंपनीच्या नावामुळं साधी माणसं ते वापरायला लागतील, मग हळूहळू बाकीच्या नाण्यांवरही विश्वास बसेल.

कंपनीचं नाणं म्हटल्यावर माझा चेहरा खुलला. कारण मी अकरा वर्षं तेच हाताळलं होतं.

आमच्या सूतगिरणीच्या कँटीनला पितळी बिल्ले होते. चहाचा गोल, जेवणाचा चौकोनी, दोन्हींवर चातीचा शिक्का. कामगारांना ते पगारातून मिळायचे. त्या काळात सुट्ट्या पैशांची इतकी टंचाई होती की दुकानदार चार आणे परत द्यायच्या ऐवजी हातावर गोळी ठेवायचे. मग बाजारात आमचे बिल्लेच चालायला लागले. न्हावी घ्यायचा, पानवाला घ्यायचा, भाजीवाल्या घ्यायच्या. शनिवारी सगळे गोळा झालेले बिल्ले घेऊन कँटीनच्या खिडकीवर यायचे आणि रोख घेऊन जायचे. खिडकीवर मी. भट्टीवर चहा उकळतोय, आलं कुटल्याचा वास, आणि बाहेर अर्धा बाजार माझं नाव घेऊन उभा. हीराबाई म्हणून एक मिरची-कोथिंबीर विकायची. ती बिल्ले न मोजताच पुढं सरकवायची, म्हणायची, तूच मोज रं, तुझं पितळ सरकारच्या नाण्यापेक्षा खरं. ती मला दर शनिवारी कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायची.

हे सगळं मी त्या रात्री जेवता जेवता सांगितलं. सांगताना ते दिवस असे समोर आले की भाकरी हातातच राहिली.

ओटाहुहू

प्रसादरावांचा मित्र गिरीश सांगलीकडचा. शिकायला म्हणून गेला, टॅक्सी चालवली, पेट्रोल पंपावर उभा राहिला आणि आता ओटाहुहूत त्याचं स्वतःचं दुकान आहे. कोपऱ्यावरच्या दुकानाला तिथं डेअरी म्हणतात. दूध मिळतं, पण पाव, काडेपेटी, आईस्क्रीम, छत्रीसुद्धा मिळते. दुकान घेऊन सात महिने झालेले. आजूबाजूला सगळी बेटांवरून आलेली माणसं, सामोआची, टोंगाची. त्यांनी आपला म्हटलं तर दुकान चालणार, नाही तर पुढच्या गल्लीत दुसरं आहेच.

घरी बसून माझे गुडघे आखडत होते, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी गिरीशकडं जायला लागलो. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही, त्यामुळं तो मला खोकंसुद्धा उचलू द्यायचा नाही. दाराशी खुर्ची टाकून मी नुसता बसायचो. जाणारा येणारा "किया ओरा" म्हणायचा, मी रामराम म्हणायचो. दोघांचंही भागायचं.

दुकानाबाहेर एका खोक्यात अळूच्या मोठाल्या गड्ड्या आणि वर पानांच्या जुड्या असायच्या. आमच्या परसातलाच अळू! एक दिवस ती पानं निवडणारी बाई दिसली. माझ्याच वयाची, आडव्या अंगाची, कानामागं कापडी फूल. तिचं नाव सिना. मी खुणेनं विचारलं, घसा खाजत नाही का? गिरीशनं बोलणं इकडून तिकडं पोचवलं. ती म्हणाली, नारळाच्या दुधात घालून पुष्कळ शिजवायची, मग खाजत नाही. मी म्हटलं, आम्ही चिंच घालतो. तिनं असं तोंड केलं की जणू मी तिच्या स्वयंपाकात राख कालवली. दुसऱ्या दिवशी मुद्दाम चांदीच्या कागदात एक पुडी आणून दिली. खाल्ली. चांगली होती. पण मी तिला सांगितलं, चिंच हवी होती. तेव्हापासून आमची गट्टी.

तर ते कंपनीचं नाणं. गिऱ्हाइकं गिरीशला विचारायला लागली, तुझ्याकडं चालतं का? त्या नाण्यानं बेटावरच्या घरी पैसे पाठवले तर मधे कुणी काही कापून घेत नव्हतं, म्हणून त्या लोकांना त्याची ओढ. गिरीशचं मन होईना. विद्यार्थी असताना त्यानं दुसऱ्याच कुठल्या तरी नाण्यात हात पोळून घेतले होते. तो मला म्हणाला, "आबा, हीप्स, म्हणजे ढीगभर लोक विचारतायत. पण मला भीती वाटते. तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार! मी त्याला माझी खिडकी सांगितली, बिल्ले सांगितले, हीराबाई सांगितली. म्हटलं, तुझं ते आधीचं बेवारस होतं. ह्याच्यामागं कंपनी उभी आहे. घे बिनधास्त.

त्यानं काचेवर पाटी लावली. दोन दिवसांनी सिना आली. ती त्यांच्या चर्चच्या बायकांची पुढारी. त्या चाळीसेक बायका बेटावरच्या गावात पाण्याची टाकी बांधायला पैसे साठवत होत्या, आणि ते सगळे सिनाच्या हवाली. तिनं पाटी बघितली, मग माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, म्हाताऱ्या, हे चांगलं आहे का? गिरीशनं मराठीत सांगायच्या आधीच मला कळलं होतं. मी अंगठा वर केला.

तिनं टाकीचे सगळे पैसे त्या नाण्यात घातले.

पुढच्या बुधवारी सकाळी नाणं अडलं. फोनवर आकडा दिसत होता, पण हलत नव्हता. कंपनीचा निरोप आला होता, हिशोबाची तपासणी चालू आहे, पैसे सुरक्षित आहेत, धीर धरा. किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं. गिरीशनं कंपनीला फोन लावला. यंत्र बोललं. दुसऱ्यांदा लावला, तेच यंत्र. कंपनीच्या जवळच्या दुकानात गेला तर तिथली पोरगी म्हणाली, आमच्याकडं फक्त माल मिळतो, नाण्याचं आम्हाला माहीत नाही.

मी गिरीशला म्हटलं, मोठी कंपनी आहे, कुठं पळून जातेय? संध्याकाळी सिना आली तेव्हा तिलाही तेच सांगायला लावलं. तिनं पाव घेतला, नोटा दिल्या आणि गेली. त्या दिवशी ती अळूकडं वळली नाही.

घरी प्रसादरावांची वेगळीच पंचाईत. त्यांच्या फोनवरचं ते सगळ्यांचं नाणं चालूच होतं, त्याला काही झालं नव्हतं. तरी ऑफिसात जो तो त्यांना म्हणत होता, बघ, तुझं फोनवरचं नाणं बुडालं. ते किती सांगत होते, ते वेगळं, हे वेगळं. पण लोक म्हणत, फोनवरचंच ना?

"कंपनी लोकांना आमच्याकडं घेऊन येईल वाटलं होतं," ते मला म्हणाले. "आता तीच त्यांना आमच्यापासून पळवून लावणार."

अप्पर हट

शुक्रवारी सुनंदानं आधीच ठरवलेला प्रवास होता. वेलिंग्टनला विमानानं आणि तिथून आगगाडीनं अप्पर हटला, तिच्या मैत्रिणीकडं तीन दिवस. खरं सांगायचं तर मला ओटाहुहूच्या खुर्चीपासून लांब जायचंच होतं. गाडी आधी समुद्राच्या कडेनं धावते, मग दरीत वळते. डबे स्वच्छ, माणसं मोजकी. कोणी कोणाशी बोलत नाही, पण उतरताना चालकाला ऐकू जाईल न जाईल तरी आभार मानतात.

मैत्रिणीच्या घरी आमच्यासाठी पुरणपोळी केली होती. ती मी अर्धीच टाकली. सकाळी एकटाच नदीकाठी गेलो. नदी रुंद, पण पाणी गोट्यांमधून थोडंसंच वाहत होतं. आमची पंचगंगा उन्हाळ्यात दिसते तशी. दोन्ही अंगाला गर्द डोंगर आणि वर धुकं. तिथं एका ओंडक्यावर बसलो, आणि जे इतकी वर्षं मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते मलाच आठवायला लागलं.

गिरणी एकदा अडचणीत आली होती. मॅनेजरनं मला सांगितलं, आजपासून ज्याच्याकडं कामगाराचं कार्ड आहे त्याचेच बिल्ले घ्यायचे. बाजारच्या लोकांचे नाही. तो शनिवार होता. हीराबाई रुमालात बिल्ले बांधून आली. मी म्हणालो, आज नाही. ती म्हणाली, आज नाही म्हणजे? घरात पोरगी तापानं फणफणलीय, मला दवाखान्यात न्यायची आहे. माझ्या खिशात माझे पैसे होते. मला म्हणता आलं असतं, घे, मागनं बघू. पण मॅनेजर पाठीमागं उभा होता. मी खिडकीची फळी ओढून घेतली.

दोन आठवड्यांनी गिरणी सावरली. मॅनेजरनं हुकूम मागं घेतला. सगळ्यांचे बिल्ले घेतले, एक पैसा कुणाचा बुडला नाही. पोरगीही बरी झाली. म्हणून मी ही गोष्ट सांगताना तो शनिवार गाळत आलो. म्हणायचो, आमचं पितळ कधी बुडलं नाही. खोटं नव्हतं ते. पण त्यानंतर बाजारानं आमचा बिल्ला घेतला नाही. एवढंच नाही, शेजारच्या गिरणीचे बिल्लेसुद्धा घेतले नाहीत, आणि त्यांची खिडकी तर एक दिवसही बंद नव्हती. हीराबाई माझ्याशी बोलायची, नाही असं नाही. कोथिंबीर मात्र विकत द्यायला लागली.

सुनंदा मला शोधत नदीवर आली. आबा, गार वाऱ्यात का बसलात, म्हणाली. मी म्हटलं, कंपनीची खिडकी कुठं असते गं? तिला वाटलं मला ताप आलाय. कपाळाला हात लावून बघितला.

पुन्हा ओटाहुहू

आम्ही सोमवारी परत आलो. नाणं पुढच्या शुक्रवारी सुटलं. मधे एकूण नऊ दिवस गेले. गिरीशचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "आबा, सगळं आलं. एक सेंट कमी नाही." मी आरशात स्वतःकडं बघितलं. मी म्हणत नव्हतो? हे शब्द अगदी ओठावर आले होते. आयुष्यात मी ते पुष्कळदा म्हटले आहेत, आणि म्हणताना मला बरं वाटत आलंय.

मी दुकानात गेलो. गिरीशनं पाटी काढून टाकली होती. काचेवर डिंकाचे चार ठिपके तेवढे राहिले होते. तो म्हणाला, टाकीचे पैसेही सगळे आले, सिनानं ते बँकेत ठेवले. मग म्हणाला, "पण त्या नऊ दिवसांत बायका तिला फार बोलल्या. एकीनं तर विचारलं, तुला दुकानदार काही देतो का? म्हातारीनं चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणं सोडलंय, आबा. मागं बसते."

मी विचारलं, आपल्या दुकानात येते का? तो म्हणाला, येते. पाव घेते आणि जाते. बाकीच्यांपैकी निम्म्या पुढच्या गल्लीत जायला लागल्यात.

मी म्हटलं, रविवारी मला त्या चर्चमध्ये ने.

गिरीश घाबरला. आबा, आता कशाला, पैसे आले ना, मिटलं. मी म्हटलं, तू फक्त मी बोलेन ते सांगायचंस, कमी नाही नि जास्त नाही. घरी सुनंदानंही नको म्हणून बघितलं. प्रसादराव मधे पडले, म्हणाले, जाऊ दे त्यांना. पहिल्यांदाच जावई माझ्या बाजूनं बोलले.

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्यांचं बाजूच्या सभागृहात एकत्र जेवण असतं. सगळ्या बायका पांढऱ्या झग्यात, डोक्यावर पांढऱ्या टोप्या. लांबच लांब टेबलं, त्यावर अळूच्या गड्ड्या, मासे, डुकराचं मांस, पानांच्या पुड्या. मी स्वच्छ धोतर, कोट आणि टोपी घातली होती. माझी टोपी आणि बायकांच्या टोप्या एकाच रंगाच्या बघून एक पोर हसलं. सिना खरंच मागच्या टेबलाशी बसली होती. मला बघून उठली, पण पुढं आली नाही.

मी उभा राहिलो. समोर चाळीस बायका. म्हणालो, ह्या बाईनं मला विचारलं होतं, हे चांगलं आहे का, आणि मी हो म्हटलं. मला त्या नाण्याची काही माहिती नव्हती. मी माझ्या गिरणीच्या भरवशावर हो म्हटलं. दुकानदारानंही माझ्याच शब्दावर पाटी लावली. बोलायचं असेल तर मला बोला. मग तो शनिवारही सांगितला, फळी ओढल्यापर्यंत. तापलेली पोरगीही सांगितली. गिरीश सांगता सांगता एकदा अडखळला. त्यालाही ते नवीन होतं.

मग अगदी कडेला बसलेली एक जख्ख म्हातारी त्यांच्या भाषेत काहीतरी विचारती झाली. सिनानं ते इंग्रजीत सांगितलं आणि गिरीशनं मराठीत.

"ती विचारते, हे तू त्या भाजीवालीला जाऊन सांगितलंस का?"

"नाही," मी म्हणालो.

"का?"

"तिचे पैसे तिला मिळाले होते."

तोंडातून शब्द गेले आणि मला कळलं मी काय बोललो. गिरीश माझ्याकडं बघत राहिला. मी म्हटलं, सांग, जसंच्या तसं सांग. त्यानं सांगितलं. चाळीस बायकांनी ते ऐकलं. त्यांचेही पैसे त्यांना मिळाले होते. पहिल्या टेबलावरच्या एका जाड बाईनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग ती उठली, मागच्या टेबलापाशी गेली आणि सिनाच्या दंडाला धरून तिला पुढं घेऊन आली.

सिना पुढच्या बाकावर बसली. जरा सरकली आणि मला शेजारची जागा हातानं दाबून दाखवली.

गिरीश माझ्या कानाशी म्हणाला, "आबा, झालं. निघायचं का?"

म्हटलं, तू हो पुढं. मला जेवायचंय.